मेडिकलला सर्टिफिकेट 'लावलं' तर कायद्याने अंगावर काय येतं?

बार्शीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यंदा डी. फार्म. झालो, आणि फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही नुकतंच हातात पडलं. आमच्या भागात ओळखीतल्या एकांचं मेडिकल आहे. त्यांचा फार्मासिस्ट सोडून गेलाय म्हणून ते परवा घरी येऊन बसले. म्हणाले, "तुझं सर्टिफिकेट लावू. दर महिन्याला पाकीट घरपोच येईल, तू खुशाल पुण्यात कंपनीत नोकरी कर. औषध निरीक्षक साहेब आले तर फोन करतो, तासाभरात पोचलास की झालं." पुण्याहून बार्शीला तासाभरात कसं पोचायचं ते काही बोलले नाहीत.

वडिलांचं म्हणणं, सगळेच करतात, बिघडलं काय? मामांचं म्हणणं, लायसन मालकाचं, नफा मालकाचा, मग लफडं झालं तर तेही मालकाचंच. नीतीचं प्रवचन आईने दिलेलं आहे, ते पुन्हा नको. मला कायदा सांगा. ज्या दुकानात मी पाऊलही ठेवत नाही, तिथे उद्या काही झालं तर मी कुठे सापडतो?

खलबत्ता

मामांना एकदा लायसन वाचायला द्या. फॉर्म २० आणि २१ वर दुकानाच्या नावपत्त्यासोबत फार्मासिस्टचंही नाव असतं, आणि ते लोकांना दिसेल असं दुकानात लावावं लागतं. म्हणजे तुमचं नाव बार्शीच्या भिंतीवर आणि तुम्ही हिंजवडीत.

१९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५(२) बघा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यायचं, नाहीतर त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जायचं. व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो बघणं, शनिवारी येऊन आठवड्याच्या सह्या ठोकणं, यातलं काहीही 'प्रत्यक्ष देखरेख' या शब्दांत बसत नाही.

लोकांना वाटतं फार्मासिस्टचं काम म्हणजे कपाटातून डबी काढून देणं. डबी पोरगाही काढतो, काढू दे. ती गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधी चिठ्ठीशी ताडून बघणं हे फार्मासिस्टचं काम. डॉक्टरची सही-तारीख आहे का, पेशंटचं नावपत्ता आहे का, मात्रा आणि एकूण किती गोळ्या ते लिहिलंय का, हीच चिठ्ठी आधी दुसरीकडे फिरून आली आहे का. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख टाकायची असते, तीही नियमातच. हल्ली किती काउंटरवर तो शिक्का उठतो ते विचारू नका.

लावू नका. यायचं तर रोज या आणि पगार घ्या.

चहाबिस्कीट

मी नुसता गिऱ्हाईक. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पांढरा ॲप्रन घातलेला मुलगा आहे, तो बारावीला आहे हे मला माहीत आहे कारण तो माझ्या मुलीच्या क्लासला येतो. मागच्या हिवाळ्यात घसा धरला तर त्याने न विचारता पाच गोळ्यांचं ॲन्टिबायोटिक दिलं. पत्ता कात्रीने असा कापला होता की माझ्या हातात आलेल्या तुकड्यावर ना बॅच नंबर, ना एक्सपायरी. हे बेकायदेशीर आहे एवढं कळतं. पण नेमकं कोणाचं? पोराचं, मालकाचं की भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाचं?

ॲड. माणदेशी

चहाबिस्कीट, तिघांचंही, फक्त वेगवेगळ्या दारांनी.

बार्शीकर, तुमच्या मामांचं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच लोक फसतात. नियम ६६ खाली लायसन निलंबित किंवा रद्द होतं तेव्हा तोटा मालकाचा. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ पकडतं ते नोंदणी नसताना चिठ्ठीवरचं औषध देणाऱ्याला, म्हणजे काउंटरवरच्या पोराला. तिथली शिक्षा पूर्वी सहा महिने किंवा हजार रुपये दंड अशी होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी केली. हजार रुपयांना कोणी भीत नव्हतं, दोन लाख म्हटल्यावर मालकही आता जरा थांबतात.

आता तुमचं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मध्ये कलम १८(अ)(सहा) आहे. कायद्याच्या किंवा नियमांच्या विरुद्ध जाऊन औषध विकणं हाच गुन्हा. शिक्षा कलम २७(ड) प्रमाणे, एक ते दोन वर्षं कैद आणि किमान वीस हजार दंड. दुकान भागीदारीत किंवा कंपनीच्या नावावर असेल तर कलम ३४ लागतं, त्यात धंद्याच्या कारभाराची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो प्रत्येक जण आरोपी होऊ शकतो. 'मी तिथे नव्हतोच' हा बचाव इतर कुणाच्या तोंडी शोभला असता. ज्याचं कामच तिथे असणं आहे, त्याने तो घेतला की आपणच कबुली दिल्यासारखं होतं.

हे खटले साध्या फौजदारी न्यायालयात चालत नाहीत हेही लक्षात घ्या. कलम ३२ प्रमाणे ते सत्र न्यायालयात चालतात. जनविश्वास कायद्याने २७(ड) मध्ये तडजोडीची वाट ठेवली आहे, पण तिथवर पोचेपर्यंत जिल्ह्याच्या कोर्टात हेलपाटे ठरलेले.

तिसरं म्हणजे कौन्सिल. फार्मसी कायद्याच्या कलम ३६ खाली गैरवर्तनाबद्दल रजिस्टरमधून नाव काढता येतं, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये जिथे हजर राहत नाही तिथे आपलं सर्टिफिकेट लावू देणं हे गैरवर्तनातच मोडतं. मालकाचं निलंबन ठराविक काळापुरतं असतं, मंत्रालयात अपील करून तो स्थगितीही आणतो. तुमचं रजिस्ट्रेशन गेलं तर पुण्यातली नोकरीही त्यासोबत जाते.

आणि एक राहिलं. लायसनच्या अर्जासोबत सहसा फार्मासिस्टकडून 'मी इथे पूर्णवेळ काम करीन' असं लिहून घेतात. ते खोटं आहे हे माहीत असून सही केलीत तर प्रकरण औषध कायद्यापुरतं राहत नाही, भारतीय न्याय संहितेत जातं. तुमच्या नावाची सही बिलांवर दुसरं कुणी करत असेल आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तरी तेच.

गांधीचौक मेडिकल

सगळे शहाणे एका बाजूला झालेत, म्हणून लिहितो. माझं दुकान खेड्यात आहे. सकाळी आठला उघडतो, रात्री दहाला बंद. गावात रात्री कुणाला ताप आला तर डॉक्टर नसतो, मी असतो. पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार दिला तर माझ्या हातात काय उरतं? चौदा तासांना तर एक माणूसही पुरणार नाही, दोन लागतील. मुलं डी. फार्म. झाली की पुणे, नाशिक, हैदराबाद. खेड्यात बसायला कोणी तयार नाही. कायदा करणाऱ्यांनी कधी तालुक्याखाली उतरून बघितलंय का?

खलबत्ता

भाऊ, अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला 'लावलेल्या' सर्टिफिकेटखाली चुकीची मात्रा गेली तर त्याच्या आईला दुकानाची बॅलन्स शीट दाखवणार का? चौदा तास उघडं ठेवायचं हे नियमात कुठे लिहिलंय? फार्मासिस्ट जितके तास, तितके तास चिठ्ठीचं काउंटर. उरलेल्या वेळात कुलूप.

पंचनामा

औषध खात्यातून निवृत्त झालोय. कुठे होतो ते विचारू नका. गांधीचौक, नियम ६५(२) चिठ्ठीवरच्या औषधांपुरता आहे हे खरं. फार्मासिस्ट जेवायला गेला तर दुकानातला बाम विकल्याने आभाळ कोसळत नाही. पण आम्ही दुकानात शिरलो की आधी बिलबुक उघडायचो, आणि त्या तासाभरात 'बाम' सोडून बाकी काय काय गेलंय ते बिलांच्या वेळेवरच दिसायचं. कॉम्प्युटर बिलावर मिनिटासकट वेळ छापून येते, हे मालक विसरतात.

फार्मासिस्ट 'लावलेला' आहे हे ओळखायला जादू लागत नाही. गेल्यावर म्हणायचं, फार्मासिस्टना बोलवा. 'आत्ताच बाहेर गेलेत' हे ठरलेलं उत्तर. ठीक आहे, बसतो. मग समोरच्याला विचारायचं, बाहेर गेलेत तर त्यांचा ॲप्रन तुमच्या अंगावर कसा? रेग्युलेशन्सप्रमाणे फार्मासिस्टने ॲप्रन आणि नाव, नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला लावायचा असतो. बिल्ल्यावर नाव एकाचं आणि माणूस दुसरा, इथेच निम्मं काम होतं. मग माणूस धावतपळत आलाच तर कोऱ्या कागदावर सही घ्यायची आणि बिलांवरच्या सह्यांशेजारी ठेवायची. मग विचारायचं, फ्रीजची चावी कुठे आहे, इन्सुलिन कोणत्या खणात. रोज येणारा माणूस न बघता हात घालतो. 'लावलेला' माणूस आधी मालकाकडे बघतो.

एका प्रकरणात बिलांवर महिनाभर रोज सही होती. तोच गृहस्थ त्याच महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात औषध कंपनीचा एमआर म्हणून डॉक्टरांना भेटत होता आणि कंपनीला रोजचा भेटींचा रिपोर्ट पाठवत होता. आम्हाला काहीच शोधावं लागलं नाही, दोन कागद समोरासमोर ठेवले. पुढे कौन्सिलला पत्र गेलं. बार्शीकर, तुमच्या पुण्यातल्या कंपनीत हजेरी अंगठ्यावर असेल ना?

जुन्यांना २०१२-१३ आठवत असेल. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, आयुक्त असताना 'फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही' हे पहिल्यांदा खरोखर लागू झालं. केमिस्ट संघटनांनी बंद पुकारले, मोर्चे निघाले. पुढे पकड ढिली झाली हेही खरं. पण २०२२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने बिहारच्या एका याचिकेत बनावट फार्मासिस्टांचा प्रश्न लोकांच्या जिवाशी असल्याचं सांगून राज्य सरकार आणि कौन्सिलला त्यांचं कर्तव्य दाखवून दिलं. तेव्हा 'सगळेच करतात' हे वाक्य निरीक्षकापुढे उच्चारू नका, त्याला ते तोंडपाठ असतं.

टेम्सकाठी

बाहेरून एक पाहणी. मी मूळची सातारची, सध्या इंग्लंडमध्ये कम्युनिटी फार्मसीत. इथे या भूमिकेला 'रिस्पॉन्सिबल फार्मासिस्ट' म्हणतात. २००८ चे नियम, ऑक्टोबर २००९ पासून लागू. मी सकाळी आले की माझं नाव, नोंदणी क्रमांक आणि 'सध्या ही फार्मसी माझ्या ताब्यात आहे' अशी पाटी काउंटरला लावायची आणि नोंदवहीत वेळ टाकायची. जाताना पुन्हा वेळ टाकायची. वही पाच वर्षं जपायची. एका वेळी एकाच दुकानाची जबाबदारी. दिवसभरात जास्तीत जास्त दोन तास बाहेर राहता येतं, तेही फोनवर सापडेन अशी सोय करूनच. कंपनी मोठी असली तरी त्या दिवशी त्या दुकानात काय चाललं याचं उत्तर जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलला मी देते, मॅनेजर नाही.

इथेही रडगाणी आहेत, माणसं कमी, टार्गेट जास्त. पण 'आत्ता या क्षणी जबाबदार कोण' हे गिऱ्हाइकाला पाटीवर वाचता येतं. भारतात लायसनवरचं नाव आणि समोरचा माणूस यांचा ताळमेळ गिऱ्हाइकाला लागत नाही, ही मला खरी फट वाटते.

बार्शीकर

पंचनामा सर, अंगठ्याचीच हजेरी आहे. विषय संपला.

पण आता वेगळा प्रश्न. मालकांना मी सांगितलं, लावणार नाही, हवं तर नोकरीला येतो. ते विचार करतो म्हणाले. समजा खरंच रोज दुकानात बसलो, तर माझ्या गळ्यात नेमकं काय काय? कॉलेजात शेड्यूल, म्हणजे नियमांतल्या औषधांच्या याद्या, पाठ केले, पण काउंटरवर उभं राहून ते कसे दिसतात ते कोणी शिकवलं नाही.

कोथरूडची केमिस्ट

ये रे बाबा, तुझ्यासारख्यांची वाट बघतोय आम्ही.

सगळ्यात आधी शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीवर आणि वेगळी नोंद करूनच द्यायच्या औषधांची यादी. मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात वरच्या पिढीची ॲन्टिबायोटिक्स आहेत, टीबीची औषधं आहेत, आणि अल्प्राझोलम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रॅमाडॉल असली सवय लावणारी. वेगळं रजिस्टर ठेवायचं. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं देतानाच लिहायचं. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. 'देतानाच' हा शब्द महत्त्वाचा. आमच्याकडे आधीचा मुलगा दुपारी निवांत बसून सकाळच्या नोंदी करायचा, एकाच पेनाने, एकाच वळणात, सलग. असं पान निरीक्षकाला लांबून ओळखू येतं. माझ्या रजिस्टरच्या पानावर तीन रंगांची शाई आहे, एका ओळीवर चहाचा डाग आहे. ते खरं पान.

टीबीची औषधं दिली तर गोष्ट रजिस्टरवर संपत नाही. २०१८ च्या मार्चमधल्या अधिसूचनेने केमिस्टलाही टीबी रुग्णाची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास फौजदारी कलमं आहेत. हे अनेक दुकानांना माहीतच नाही.

मग कंपनी बदलून देणं. डॉक्टरने एका ब्रँडचं नाव लिहिलंय, मालकाला दुसऱ्या ब्रँडवर जास्त मार्जिन आहे. शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधात चिठ्ठीवरचं सोडून त्याच्या जागी दुसरं देता येत नाही, आतलं औषध तेच असलं तरीही. नियम ६५(११अ). जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या, नावानेच चिठ्ठी असेल तर प्रश्न नाही. नाहीतर डॉक्टरला फोन लाव आणि चिठ्ठी बदलून घे. पेशंटच्या भल्यासाठी स्वस्त देतोय असं वाटलं तरी फोन लाव. माझ्या मते हा नियम आज जरा जुनाट झालाय, पण पुस्तकात आहे तोवर पाळायचा.

कट पत्ता: चहाबिस्कीट म्हणतात तसं नको. बॅच आणि एक्सपायरी छापलेलं टोक दुकानात शेवटपर्यंत राहील असं उलट्या बाजूने कापायचं, आणि बिलावर बॅच, एक्सपायरी येऊ द्यायची. म्हणजे गिऱ्हाइकाकडे बिल, दुकानात टोक. दर एमआरपीच्या प्रमाणातच. एमआरपीच्या वर एक रुपया घेतला तर २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आहे, त्याच्यामागे जीवनावश्यक वस्तू कायदा.

एक्सपायरी झालेला माल वेगळ्या खोक्यात, वर ठळक चिठ्ठी, 'विक्रीसाठी नाही'. होलसेलर परत न्यायला दोन महिने लावतो म्हणून तो माल रॅकवर राहू द्यायचा नाही. निरीक्षकाला रॅकवर सापडला तर 'परत पाठवायचा होता' हे ऐकलं जात नाही.

शेड्यूल एक्स, म्हणजे आणखी कडक नियंत्रणातली औषधं, आपल्या साध्या मेडिकलला सहसा नसतंच, त्याला फॉर्म २०एफ चं वेगळं लायसन लागतं. सोडून दे.

पंचनामा

केमिस्टताईंनी छान लिहिलंय. मी दोन ठिकाणी जोर देतो, कारण तिथे निलंबनावर भागत नाही.

एक, गर्भपाताच्या गोळ्यांचं किट. हे गर्भपाताच्या कायद्यात बसणाऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, त्याच कायद्यात बसणाऱ्या वैद्यकीय केंद्रात वापरायचं औषध आहे. काउंटरवरून 'वहिनींसाठी हवंय' म्हणणाऱ्याला दिलं आणि ती बाई रक्तस्रावाने गेली तर गुन्हा पोलिसात नोंदवला जातो. बिलबुकात त्या किटचं खरेदी बिल आहे आणि विक्री बिल नाही, यावरून माणसं सापडली आहेत.

दुसरं, झोपेच्या आणि नशेच्या गोळ्या. मालेगावात अल्प्राझोलमला 'कुत्ता गोळी' म्हणतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. ती शेड्यूल एच-वनमध्ये आहेच, शिवाय अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही आहे. ट्रॅमाडॉलही २०१८ पासून त्यात आलं. या कायद्याखाली मोठ्या साठ्यात नाव आलं की जामीन मिळणं फार कठीण. खरेदी भरपूर, चिठ्ठ्या शून्य, असं रजिस्टर असेल तर फार्मासिस्टला 'मी फक्त नोकर' म्हणून सुटता येत नाही, कारण ते रजिस्टर त्याच्याच हाताने भरायचं होतं.

गांधीचौक मेडिकल

म्हणजे नकली औषध कंपनीने बनवलं, होलसेलरने विकलं, तरी आत मेडिकलवालाच?

ॲड. माणदेशी

नाही, इथे कायद्याने किरकोळ दुकानदाराला ढाल दिली आहे. कलम १९(३). माल लायसनधारकाकडून घेतला होता, दोष आहे हे माहीत नव्हतं आणि साधी दक्षता घेऊनही कळलं नसतं, आणि तुमच्याकडे आल्यापासून तो नीट साठवला होता, जसा आला तसाच राहिला. एवढं दाखवलं की तुम्ही सुटता. पण दाखवायचं कागदावर. खरेदी बिल बॅच नंबरसकट हवं. फ्रीजमध्ये थर्मामीटर हवा आणि इन्सुलिन २ ते ८ अंशांत होतं हे दिसायला हवं. रात्री दुकान बंद करताना वीजबिल वाचवायला फ्रीज बंद करणारा मालक ही ढाल स्वतःच मोडतो.

कलम १८अ प्रमाणे विचारल्यावर माल कोणाकडून घेतला ते सांगणं बंधनकारक आहे. न सांगितल्यास कलम २८, एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान वीस हजार दंड, किंवा दोन्ही. 'एक जण गाडीवर घेऊन येतो, स्वस्त देतो' हे उत्तर नाही.

अवांतर, पण उपयोगी: २०२० च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कायद्याच्या चौथ्या प्रकरणातल्या, म्हणजे औषधांची निर्मिती, विक्री, वितरण यांबद्दलच्या गुन्ह्यांत पोलिसांनी परस्पर एफआयआर नोंदवायचा नाही, ते काम औषध निरीक्षकाचं. त्यामुळे पोलिस हवालदार येऊन 'शेड्यूल एच' बद्दल दम देत असेल तर शांतपणे निरीक्षकाला बोलावून घ्या म्हणा. अंमली पदार्थ किंवा न्याय संहितेचा गुन्हा असेल तर मात्र पोलिसांना अधिकार आहेच.

निरीक्षक आला तर अडवू नका. नमुना घेतला तर त्याची किंमत तो देतो, फॉर्म १७ देतो, नमुन्याचे भाग सील करतो, त्यातला एक तुमच्याकडे राहतो. तो जपून ठेवा, पण पुढे दुसरी तपासणी मागितली तर कोर्टात जमा केलेला भाग प्रयोगशाळेत जातो. भेटीची नोंद फॉर्म ३५ च्या वहीत होते. त्यातला शेरा वाचल्याशिवाय खाली सही करू नका.

कोथरूडची केमिस्ट

बॅचवरून आठवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कफ सिरपने मुलं गेली तेव्हा आपल्या एफडीएने 'कोल्ड्रिफ'च्या एसआर-१३ बॅचबद्दल इशारा काढला होता. विक्री ताबडतोब थांबवा, साठा असेल तर कळवा. तो मेसेज संघटनेच्या ग्रुपवर आला तेव्हा आमच्या दुकानात मी होते, पाच मिनिटांत सॉफ्टवेअरमध्ये बॅच शोधून 'नाही' अशी खात्री केली. बॅच न टाकता माल चढवणाऱ्या दुकानांना रात्री रॅकवरच्या बाटल्या एकेक फिरवून बघाव्या लागल्या. तेव्हा खरेदीची एंट्री करणारा मुलगा बॅच गाळतोय का यावर डोळा ठेव. ते काम मालकाने त्याला दिलं असलं तरी.

बार्शीकर

सगळ्यांचे आभार, वही भरली. मालकांचा फोन आला होता. रोज येतोस तर ये म्हणाले, पगार ठरला, वेळ सकाळी दहा ते सात. सातनंतर चिठ्ठीचं काउंटर बंद ठेवा म्हटलं तर 'बघू' म्हणाले. तेवढं अडलंय. आणि एक कळलं, आधीच्या फार्मासिस्टचं नाव लायसनवर अजून तसंच आहे. सोडून दोन महिने झाले. माझं नाव लागेपर्यंत मी बसू का? तो गृहस्थ कशात अडकेल?

ॲड. माणदेशी

बसू नका. लायसनच्या अटीप्रमाणे प्रभारी फार्मासिस्ट बदलला की मालकाने एक महिन्याच्या आत एफडीएला कळवायचं असतं. त्यांनी तो महिना घालवलाय. तुमचं नियुक्तीपत्र आणि संमती जोडून बदलाचा अर्ज आधी जाऊ द्या, ऑनलाइन भरल्याची पावती घ्या. नियुक्तीपत्रात 'सकाळी १० ते सायंकाळी ७' असं लिहूनच घ्या. सातनंतर त्यांनी काही विकलं तर ती वेळ तुमची नव्हती हे सांगायला तोच कागद. पगार बँकेत, रोख नको.

आधीच्याला निरोप पोचवता आला तर पोचवा. राजीनामा मालकाच्या हातात देऊन माणूस मोकळा होतो असं समजू नये. राजीनाम्याची प्रत आणि 'अमुक तारखेपासून मी इथे नाही' असं पत्र सहायक आयुक्त (औषधे) यांच्या जिल्हा कार्यालयात स्वतः नेऊन द्यावं, आवक शिक्का घ्यावा, जमत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावं. मूळ सर्टिफिकेट दुकानात टांगलेलं असेल तर काढून आणावं, मालक 'नंतर देतो' म्हणाला तर तसं पत्रात लिहावं.

बार्शीकर

त्याचा नंबर मिळाला, बोललो. सर्टिफिकेट अजून दुकानातच आहे म्हणाला. पत्राचा मसुदा मी लिहून देतोय: "मी दि. ... रोजी सदर दुकानातील नोकरी सोडली असून त्यानंतरच्या कोणत्याही विक्रीस जबाबदार नाही." एवढं पुरे?

पंचनामा

लायसन नंबर घाला, त्याचा नोंदणी क्रमांक घाला. 'जबाबदार नाही' हे वाक्य काढा, ते ठरवणं खात्याचं काम. त्याऐवजी लिहा, 'दि. ... नंतरच्या कोणत्याही बिलावर किंवा रजिस्टरमध्ये माझी सही नाही. आढळल्यास ती माझी नाही.' आणि शेवटची खरी सही कोणत्या बिल नंबरवर केली तेही लिहा, त्याला आठवत असेल तर.